ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांमध्ये उतरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं प्रामुख्याने ६ ते १६ वयाच्या मुली आणि त्यांचे पालक यांच्यासाठी आहेत. गुणांचे आकडे आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या नियमावलीच्या आधारे दिले आहेत. ही नियमावली दर ऑलिंपिकनंतर नव्याने येते, आणि लहान वयोगटांसाठी प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात. म्हणून कुठल्याही स्पर्धेआधी त्या स्पर्धेचं परिपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ते प्रशिक्षकाने वाचलं असेल, असं गृहीत धरू नका.

मुलगी कोलांट्या छान मारते. तिला ऱ्हिदमिकमध्ये घालावं का?

कोलांट्या हेच तिचं खरं वेड असेल तर आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स तिला जास्त मानवेल. ऱ्हिदमिकमध्ये हवेत सुटून मारलेल्या कोलांट्यांना परवानगीच नाही. इथे १३ बाय १३ मीटरच्या कार्पेटवर संगीताच्या साथीने सव्वा ते दीड मिनिटाचं रूटीन (आधी बसवलेली हालचालींची मालिका) करायचं असतं आणि हातात हूप (मोठं कडं), बॉल, क्लब्ज (मुद्गलासारख्या दोन छोट्या दांड्या) किंवा रिबन (काठीला लावलेली लांब पट्टी) असते. उडी, तोल, गिरकी आणि साधनाची फेक-झेल हे सगळं एकाच वेळी चालतं.

एक साधी चाचणी घरी करता येते. मुलीला चेंडू डोक्याच्या वर फेकायला सांगा, स्वतःभोवती एक फेरी घ्यायला सांगा आणि मग झेलायला सांगा. पहिल्या दिवशी झेल सुटणारच, तो मोजू नका. वीस वेळा चेंडू पडल्यावर एकविसाव्यांदा तो उचलायला ती आपण होऊन जाते का, एवढंच पाहा. लवचिकता बरीचशी कमावता येते. ही चिकाटी मात्र मुळात थोडी तरी असावी लागते.

कोणत्या वयात सुरुवात करावी? ९ वर्षं म्हणजे उशीर झाला का?

बहुतेक मुली ५ ते ७ या वयात सुरू करतात. ९ व्या वर्षी सुरुवात करूनही चांगल्या स्पर्धा खेळता येतात, पण नृत्याचा किंवा पोहण्या-धावण्याचा पाया असेल तर फरक पडतो. पहिलं दीड-दोन वर्ष साधनाविना रूटीन, मग एक साधन, मग दोन, हा क्रम बरा. सात वर्षांच्या मुलीला एकाच वर्षी चारही साधनं देण्याची घाई अनेक क्लबांत होते. त्यातून एकही साधन धड हातात बसत नाही.

आठवड्याला किती तास सराव हवा?

क्रीडावैद्यकातला एक सोपा ठोकताळा आहे: आठवड्याचे तास मुलीच्या वयाच्या आकड्याहून जास्त नकोत. म्हणजे ८ वर्षांच्या मुलीला साधारण ८ तास. वरच्या पातळीवर १२-१३ व्या वर्षापासून हा आकडा ओलांडला जातो, १८ ते २५ तासही होतात. तेव्हा आठवड्यात किमान एक पूर्ण दिवस मोकळा आणि वर्षातून काही आठवडे साधनांपासून खरीखुरी सुटी ही अट सोडू नका.

तास मोजताना झोपही मोजा. ६ ते १२ वयात ९ ते १२ तास, १३ ते १८ वयात ८ ते १० तास. झोप कमी पडली की पहिला परिणाम झेलांवर दिसतो. शाळा, सराव आणि अभ्यास यांच्या कात्रीत रोज झोपच कापली जात असेल तर सरावाचा एक दिवस कमी करा.

स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना सरळ पसरणं) १८० अंशांचा होत नाही. प्रशिक्षक वरून दाबतात. हे योग्य आहे का?

नाही. मुलगी रडत असताना तिच्या मांडीवर वजन टाकून स्प्लिट ‘बसवणं’ धोक्याचं आहेच, आणि गुणांच्या दृष्टीनेही ते फोल आहे.

पंच जमिनीवर बसलेला स्प्लिट मोजत नाहीत. ते उडीतला, तोलातला, गिरकीतला स्प्लिट मोजतात आणि तिथे पाय स्वतःच्या ताकदीने वर जावा लागतो. हाताने धरून पाय कानाला लागतो पण हात सोडल्यावर कंबरेएवढा खाली येतो, अशी मुलगी लवचीक असूनही तिचा तोल धरला जात नाही. वाढत्या वयात मांडीमागचा स्नायू जिथे बैठकीच्या हाडाला चिकटतो तिथली वाढीची कूर्चा स्नायूपेक्षा कच्ची असते. झटक्याने दाबल्यावर तिथलं हाड सुटून येऊ शकतं. ‘टक’ असा आवाज, बसताना दुखणं आणि पाय पुढे उचलताना कळ, अशी लक्षणं दिसली तर सराव तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

काय करावं: अंग पूर्ण गरम झाल्यावर ताण द्या. प्रत्येक स्थितीत ३० ते ६० सेकंद थांबा आणि श्वास मोकळा राहील इतपतच ताण ठेवा. लगेच त्याच दिशेला पाय हाताविना वर उचलून ५ सेकंद धरा, असं ८-१० वेळा करा. डावी-उजवी दोन्ही बाजू सारख्याच करा, रूटीनमध्ये एकच बाजू लागत असली तरी. एकाच बाजूने वर्षानुवर्षं काम करणाऱ्या या खेळात पाठीचा कणा बाजूला वळल्याची उदाहरणं इतर मुलींपेक्षा जास्त आढळतात. दर तीन महिन्यांनी मुलीला पाय जुळवून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. एका बाजूची बरगडी वर आलेली दिसली तर तज्ज्ञांना दाखवा.

पाठीची कमान हा याहून नाजूक विषय. चांगली कमान खांदे आणि छातीमागच्या कण्यातून येते. फक्त कंबरेत घडी पडत असेल तर फोटो सुंदर येतो, पण सगळा भार कंबरेच्या दोन मणक्यांवर जातो.

गुण नेमके कसे मोजतात?

तीन आकड्यांची बेरीज होते आणि त्यातून दंड वजा होतो.

डी म्हणजे अवघडपणा. यात शरीराच्या कृती (उडी, तोल, गिरकी, तिन्ही प्रकार असायलाच हवेत), शरीराच्या लाटा (अंगातून लाटेसारखी सरकत जाणारी हालचाल), साधनाच्या कठीण हाताळण्या आणि ‘आर’ म्हणजे फेकीखाली फिरून झेल घेणं, हे सगळं येतं. ए म्हणजे कलात्मकता: संगीताशी मेळ, चेहरा, कार्पेटचा वापर, एका हालचालीतून दुसरीत जाण्याची सलगता. ई म्हणजे सफाई. ए आणि ई दोन्ही १० पासून सुरू होतात आणि चुकांप्रमाणे खाली येतात. लहान चूक ०.१०, मध्यम ०.३०, मोठी ०.५० किंवा जास्त.

पालकांना सहसा न दिसणारी गोष्ट म्हणजे पायांचे पंजे आणि गुडघे. सुटलेला पंजा, वाकलेला गुडघा, उचललेला खांदा यासाठी दर वेळी ०.१० जातात आणि अशी कपात १.०० पर्यंत वाढते. म्हणजे साधन एकदाही न पडता मुलगी एका पडझडीइतके गुण नुसत्या पंजांवर गमावू शकते. ९-१० वर्षांच्या मुलीसाठी सगळ्यात मोठी गुंतवणूक नवी गिरकी नाही. कार्पेटवर चालत येतानाही ताणलेला पंजा ही आहे.

आकार अपुरा असेल तर दोन्हीकडून मार बसतो. स्प्लिट थोडा कमी असेल तर ई मधून कपात होऊन कृती धरली जाते. कमतरता २० अंशांच्या पुढे गेली तर कृती धरलीच जात नाही, शिवाय सफाईचेही गुण जातात. तोलात आकार स्पष्टपणे स्थिर दिसला पाहिजे, नुसता ‘येऊन गेला’ हे चालत नाही.

साधन हातातून निसटलं तर किती गुण जातात आणि काय करायचं?

जागेवरच उचललं तर ०.५०. एक-दोन पावलं टाकून उचललं तर ०.७०. तीन किंवा जास्त पावलं लागली, किंवा साधन कार्पेटबाहेर गेलं, तर १.००. शेवटच्या क्षणी निसटलं आणि साधनाला स्पर्श नसताना रूटीन संपलं तरी १.००. शिवाय ज्या कृतीत ते पडलं तिचे डी गुणही सहसा हातचे जातात. रेषेबाहेर पाय किंवा साधन टेकलं तर वेगळा ०.३० चा दंड आहेच.

हूपचं उदाहरण घ्या. फेक किंचित पुढे गेली, हूप कडेवर आदळलं आणि घरंगळायला लागलं. पुढचे तीन सेकंद असे जायला हवेत: नजर हूपवर, प्रशिक्षकाकडे नाही. पहिली दोन पावलं लांब टाकायची, गरज पडली तर शेवटी गुडघ्यावर घसरत हात लांबवायचा, कारण तिसऱ्या पावलाने कपात ०.७० वरून १.०० वर जाते. हूप रेषेकडे पळत असेल तर त्याच्या मागे न धावता पुढे जाऊन अडवायचं. हातात आल्यावर सुटलेली कृती पुन्हा करायची नाही. संगीत जिथे आहे तिथे सामील व्हायचं.

यासाठी रूटीन बसवतानाच संगीतात चार-पाच ‘भेटीच्या जागा’ ठरवा: तालाचा ठोका, वाद्य बदलणं, शब्द सुरू होणं, असं काहीतरी कानाला ठळक ऐकू येणारं. मुलीला प्रत्येक जागेपासून रूटीन सुरू करता आलं पाहिजे. आठवड्यातून एकदा प्रशिक्षकाने मधेच साधन काढून दूर टाकावं आणि मुलीने पुढच्या भेटीच्या जागेवर पोचून दाखवावं. हा सराव केलेल्या मुली पडझडीनंतर रडत नाहीत, कारण पुढे काय करायचं ते पायांना माहीत असतं.

कार्पेटभोवती राखीव साधनं ठेवलेली असतात. मूळ साधन बाहेर गेलं असेल तरच राखीव उचला. ते आत असताना राखीव घेतलं तर ०.५० चा दंड बसतो.

आणि पडझडीने सगळं संपत नाही. अलिना काबाएवा हिचं हूप २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये निसटून कार्पेटबाहेर गेलं, तिला कांस्य मिळालं. २००४ मध्ये अथेन्सला ती सुवर्णपदक विजेती झाली. टोकियोत लिनॉय अश्रम हिच्या हातून अंतिम फेरीत रिबन पडली, तरी वैयक्तिक सुवर्ण तिचंच होतं.

अवघड फेक रूटीनमध्ये कधी घालावी?

हिशोब मांडा. फेकीखाली तीन फेऱ्या घेऊन झेलण्याची मूळ किंमत ०.३०. झेल हाताविना आणि नजरेआड घेतला तर दोन वेळा ०.१० मिळून ०.५०. ही फेक मुलीला तीनपैकी दोनदा जमते असं समजा. दोन यशांचे १.०० मिळाले आणि एका पडझडीत १.०० गेले. फायदा शून्य. तेच दोन फेऱ्यांची फेक त्याच जास्तीच्या निकषांसह ०.४० ची आहे. ती दहापैकी नऊदा जमत असेल तर नऊ यशांचे ३.६०, वजा १.००, म्हणजे दर फेकीमागे सरासरी ०.२६.

नियम आम्ही असा सुचवतो: सुटी फेक सलग दहापैकी नऊदा, आणि पूर्ण रूटीनमध्ये, म्हणजे दमलेल्या पायांनी, दहापैकी आठदा. दोन्ही जमल्याशिवाय स्पर्धेत नाही. सरावाची वही ठेवा आणि आकडे लिहा. ‘बहुतेक वेळा जमतं’ हे वाक्य वहीत चालत नाही. तीन फेऱ्यांची फेक सरावात चालू राहू दे, तिची वेळ पुढच्या मोसमात येईल.

साधनांची मापं काय असावीत?

हूपचा आतला व्यास ८० ते ९० सेंटिमीटर, वजन किमान ३०० ग्रॅम. लहान मुलींना छोटं घ्या: उभं ठेवल्यावर कंबरेच्या आसपास यावं. बॉल १८ ते २० सेंटिमीटर व्यासाचा, किमान ४०० ग्रॅम. लहान हातांना १५-१६ सेंटिमीटरचा बरा, नाहीतर मुलगी बोटांनी चेंडू पकडायला शिकते आणि ती सवय पुढे मोडत नाही. चेंडू तळहातावर ठेवायचा असतो. बोटांनी आवळला किंवा मनगट आणि कोपर यांच्यामधल्या हाताला टेकवला की कपात होते. क्लब ४० ते ५० सेंटिमीटर लांब, प्रत्येकी किमान १५० ग्रॅम. रिबन सीनिअरला किमान ६ मीटर, ज्युनिअरला ५ मीटर, रुंदी ४ ते ६ सेंटिमीटर, काठी ५० ते ६० सेंटिमीटर. रोपला (उडीच्या दोरीला) ठरावीक माप नाही: मधोमध दोन्ही पायांनी उभं राहिल्यावर टोकं काखेपर्यंत यावीत, टोकांना मूठ नाही, गाठ. २०१० नंतर सीनिअर वैयक्तिक प्रकारात रोप राहिलेला नाही, पण लहान गटांत आहे आणि उडीची ताकद त्याच्याइतकी दुसरं कुठलंच साधन वाढवत नाही.

हूप भिंतीला टेकवून ठेवू नका, ते वाकतं. आडवं ठेवा. वाकलेलं हूप जमिनीवर सरळ घरंगळत नाही, आणि मुलगी महिनाभर स्वतःच्या मनगटाला दोष देत बसते.

रिबनला सारख्या गाठी पडतात. का?

रिबन हे सगळ्यात हट्टी साधन. त्यात हात थांबला की गाठ. सहा मीटरची पट्टी मागून येतच असते. काठी थांबली तर शेपूट पुढच्या वळणात शिरतं. दुसरं कारण म्हणजे वळसे अंगाकडे ओढत नेणं. वळसे काढताना हात अंगापासून दूर सरकला पाहिजे. तिसरं कारण दमट हवा आणि चिकट कापड. चौथं वाऱ्याचा झोत: वातानुकूलनाची झडप कुठे आहे ते सरावाच्या वेळीच वर बघून ठेवा आणि मोठी फेक तिच्या थेट खाली येत असेल तर तोंड फिरवून करा.

वळसे मनगटातून निघतात, कोपरातून नाही. चार-पाच वळसे, सारख्या आकाराचे आणि एकमेकांजवळ. शेवटचं टोक जमिनीवर लोळत राहिलं की कपात. ५ मीटरवरून ६ मीटरवर जाताना एवढं लक्षात ठेवा: जास्तीचा एक मीटर मनगटाच्या वेगाने उचलला जात नाही, त्यासाठी खांद्यापासून मोठी हालचाल लागते. म्हणून नवी लांबी स्पर्धेच्या मोसमात आणू नका, किमान तीन महिने आधी आणा.

गाठ पडलीच तर टोक ओढू नका, ती घट्ट होते. शेपटाजवळची लहान गाठ असेल आणि नक्षी दिसत असेल तर तसंच पुढे जा. काठीजवळ मोठा गुंता असेल तर काठी काखेत धरून दोन्ही हातांनी वळसा सैल करा आणि पुढच्या भेटीच्या जागी सामील व्हा.

सरावानंतर रिबन पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवा. स्पर्धेच्या आदल्या रात्री उलट्या बाजूने, कमी तापमानावर इस्त्री करा. काठीकडचा दुहेरी शिवलेला भाग आणि कडी तपासा, रिबन तुटते ती बहुधा तिथेच.

संगीत आणि पोशाख निवडताना काय चुकतं?

वैयक्तिक रूटीन १ मिनिट १५ सेकंद ते १ मिनिट ३० सेकंद. जास्त किंवा कमी प्रत्येक सेकंदाला ०.०५ दंड. संगीत १:२९ चं कापू नका, १:२७ चं कापा. वेळ मुलगी हलते तेव्हापासून ती थांबेपर्यंत मोजतात, आणि शेवटची पोझ घेताना एखादा सेकंद जातोच. शब्द असलेलं संगीत २०१३ पासून चालतं, पण गाण्याचा अर्थ वयाला शोभणारा हवा. संथ भाग आणि वेगवान भाग असं ठळक चढ-उताराचं संगीत घ्या. सरळसोट तालाच्या गाण्यावर कलात्मकतेचे गुण मिळवणं फार अवघड जातं.

लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा स्पर्धेचा पोशाख) पारदर्शक नको, पारदर्शक भागाला अस्तर हवं. दागिने नाहीत. खडे मोजून लावा: कंबरेच्या आणि बगलेच्या भागात खडे असले की चेंडू अंगावरून घरंगळताना अडतो. नवा पोशाख घालून किमान तीन वेळा पूर्ण रूटीन करून पाहिल्याशिवाय तो स्पर्धेत नको.

उंची वाढायला लागली आणि सगळंच बिघडलं. मुलगी खेळ सोडायचा म्हणते.

मुलींची उंची साधारण ११ ते १३ या वयात सगळ्यात वेगाने वाढते, वर्षाला ८ सेंटिमीटरच्या आसपास. हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात, म्हणून महिनाभरापूर्वी सहज बसणारा स्प्लिट अडतो. पाय आणि हात लांब झाल्याने गिरकी मंदावते. हात लांब झाल्याने फेक सुटण्याची जागा बदलते आणि साधन डोक्यामागे जायला लागतं. हा आळस नाही, वजन वाढल्याची शिक्षा नाही आणि प्रतिभा संपल्याची खूणही नाही. पण नेमक्या याच वर्षात सगळ्यात जास्त मुली खेळ सोडतात, कारण कुणी त्यांना हे सांगत नाही.

दर तीन महिन्यांनी उंची मोजा आणि वहीत लिहा. तीन महिन्यांत दीड-दोन सेंटिमीटर वाढ दिसली तर पुढचे काही महिने असे घ्या: उड्यांची आणि मागे वाकण्याची संख्या साधारण एक तृतीयांश कमी, नवी अवघड कृती नाही, फेका पुन्हा जागेवरून, फिरल्याविना, रोज २० ते ३०, पोट-पाठ-पार्श्वभागाची ताकद वाढवण्याला जास्त वेळ. रोप असेल तर नव्या उंचीप्रमाणे बदला. त्या मोसमात डी कमी ठेवून ई चांगला आणायचं उद्दिष्ट मुलीला उघडपणे सांगा, म्हणजे कमी एकूण गुण पाहून ती खचणार नाही. बहुतेकींचा हात आणि तोल सहा महिने ते वर्षभरात परत बसतो.

वजन कमी करायला सांगितलं आहे. आहार कसा ठेवावा?

वाढत्या मुलीला वजन कमी करायला सांगणं चूक आहे. सरावात सर्वांसमोर वजन करणं तर त्याहून वाईट. शरीर खर्च करतं तितकी ऊर्जा पोटात गेली नाही तर हाडं ठिसूळ होतात, दुखापती भरत नाहीत, चिडचिड वाढते, पाळी लांबते. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन खेळांच्या जगाला इशारा दिला.

सरावाआधी दीड-दोन तास पुरेसं जेवण, लांब सरावात मधे काहीतरी, आणि संपल्यावर तासाभरात पुन्हा खाणं. लोह, कॅल्शिअम आणि ड जीवनसत्त्वाची पातळी डॉक्टरांकडून वर्षातून एकदा पाहून घ्या. १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल किंवा सुरू होऊन तीन महिने थांबली असेल तर डॉक्टरांना दाखवा. ‘जिम्नॅस्टना उशिराच येते’ या वाक्यावर समाधान मानू नका.

कोणत्या दुखण्याकडे दुर्लक्ष करायचं नाही?

मागे वाकताना कंबरेत एका बाजूला होणारी कळ. एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर ती नेमकी त्याच जागी आली तर मणक्याला सूक्ष्म तडा असू शकतो. साध्या एक्स-रेत तो सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय लागू शकतो. वेळेत पकडला तर साधारण तीन महिन्यांच्या विश्रांतीनंतर परतता येतं, अंगावर काढला तर वर्ष जातं.

टाचेचं आणि गुडघ्याखालच्या उंचवट्याचं दुखणं वाढीच्या वयात नेहमीचं आहे. उड्या कमी केल्या की बहुधा शांत होतं. रात्री झोपेतून जागं करणारं दुखणं, लंगडणं, सूज किंवा दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली कळ यासाठी मात्र थांबू नका.

औषधांबाबत काय जपायचं?

आंतरराष्ट्रीय पातळीवर उत्तेजक चाचणी अल्पवयीन मुलींचीही होते. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक मात्रेपुढे बंदीत येतं. शरीरातलं पाणी काढणारी औषधं तर कायमच बंद आहेत. डॉक्टरांना आधीच सांगा की मुलगी स्पर्धा खेळते, आणि प्रत्येक औषधाचा घटक बंदीच्या यादीत तपासा. एखादं बंदीतलं औषध खरोखर गरजेचं असेल तर उपचारासाठीची सवलत अगोदर मागावी लागते.

ज्युनिअर आणि सीनिअर यांच्या सीमा कुठे? ऑलिंपिक कधी शक्य होतं?

ज्युनिअर जागतिक स्पर्धेसाठी १३ ते १५, सीनिअरसाठी त्या वर्षात १६ पूर्ण व्हायला हवीत. ज्युनिअर जागतिक स्पर्धा पहिल्यांदा २०१९ मध्ये मॉस्कोत झाली. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक प्रकार १९८४ पासून, गट प्रकार १९९६ पासून आहे. पॅरिसमध्ये २०२४ साली वैयक्तिक प्रकारात जगभरातून फक्त २४ जागा होत्या, एका देशाला जास्तीत जास्त दोन, आणि गटाच्या १४. ऑलिंपिकला साधनवार पदकं नसतात, सगळ्या साधनांची बेरीज चालते. म्हणून एका साधनात चमकणाऱ्या मुलीने कच्च्या साधनाला आठवड्यातले जास्त तास द्यावेत.

वैयक्तिक की गट?

गटात पाच मुली, रूटीन सव्वादोन ते अडीच मिनिटं. एकमेकींकडे साधनं फेकायची असल्याने झेलाची खात्री आणि वेळेचं भान जास्त लागतं. पाचही जणी एकत्र असल्याशिवाय सराव होत नाही, त्यामुळे एकीची गैरहजेरी चौघींना नडते. शांत स्वभावाच्या, खात्रीशीर हाताच्या मुली इथे फुलतात. गट म्हणजे ‘वैयक्तिकमध्ये जमलं नाही त्यांची जागा’ हा समज काढून टाका.

स्पर्धेच्या दिवसाचं वेळापत्रक कसं असावं?

सुमारे अडीच तास आधी पोचा. पहिला अर्धा तास केस आणि जागेची ओळख, मग ४५ ते ६० मिनिटं अंग गरम करणं, मग साधनांसह रूटीनचे तुकडे. पूर्ण रूटीन एकदाच, तेही सगळ्या ताकदीने नाही. शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यात अवघड फेक तीनदा, आणि तिसरी झेलली की थांबायचं. ‘अजून एकदा’ म्हणून केलेली चौथी सुटते आणि तीच डोक्यात घेऊन मुलगी कार्पेटवर जाते.

पिशवीत: राखीव हाफ-शूजची (फक्त पायाचा पुढचा भाग झाकणाऱ्या बुटांची) जोडी, वापरून मऊ झालेली, दुसरी रिबन, हूपची टेप, सुई-दोरा, पिना, कातडीच्या रंगाची पट्टी, टॉवेल, पाणी, गरम जॅकेट, संगीताच्या दोन प्रती. पालकांनी बाल्कनीतून खुणा करू नयेत.

गुण कमी वाटले तर आक्षेप घेता येतो का?

फक्त डी गुणांबद्दल, तोही प्रशिक्षकाने आणि लगेच, ठरलेल्या मुदतीत. ए आणि ई वर आक्षेप चालत नाही.

प्रशिक्षक योग्य आहे हे कसं ओळखावं?

सराव पाहायला जा. पालकांना कधीच आत येऊ न देणारा क्लब टाळा. दुखतंय म्हटल्यावर काय उत्तर मिळतं ते ऐका. मोठ्या वयोगटात किती मुली टिकल्या आहेत ते विचारा: १० वर्षांखालच्या तीस आणि १५ वर्षांच्या दोनच मुली असतील तर कारण शोधा. अपमान, मारणं, उपाशी ठेवणं, दुखापतीत खेळवणं यातलं काहीही ‘शिस्त’ म्हणून खपवून घेऊ नका. ब्रिटनमधल्या जिम्नॅस्टिक्सची चौकशी करणारा व्हाइट अहवाल २०२२ मध्ये आला, त्यात नेमक्या याच गोष्टींच्या तक्रारी भरून राहिल्या होत्या. असं काही दिसलं तर मुलीला आधी तिथून बाहेर काढा, मग संघटनेच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या.

किती वर्षं खेळता येतं आणि नंतर काय?

शिखर साधारण १७ ते २२ या वयात येतं. दारिया वारफोलोमेएव पॅरिसमध्ये १७ व्या वर्षी जिंकली, युलिया बारसुकोवा सिडनीत २१ व्या वर्षी. येवगेनिया कानाएवाने २००८ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वैयक्तिक सुवर्णपदकं घेतली. वैयक्तिक प्रकारात दोनदा सुवर्ण जिंकलेली ती एकटीच आहे, आणि दुसऱ्या वेळी ती २२ वर्षांची होती. तेव्हा १२ व्या वर्षी राज्य करणारी मुलगी पुढेही करेलच असं नाही, आणि १२ व्या वर्षी दहावी आलेली संपली असंही नाही.

थांबताना एकदम शून्यावर येऊ नका. आठवड्याला २० तासांची सवय असलेलं शरीर अचानक बसलं की सांधे आखडतात, झोप आणि मन दोन्ही बिघडतं. दोन-तीन महिन्यांत तास हळूहळू उतरवा आणि दुसरी काही हालचाल चालू ठेवा. नृत्यरचना, प्रशिक्षण आणि पंचगिरी या वाटा जवळच्या आहेत. पंचगिरीची तयारी खेळत असतानाही सुरू करता येते: स्वतःच्या जुन्या रूटीनचा व्हिडिओ आवाज बंद करून लावा, प्रत्येक चुकीला ०.१०, ०.३० किंवा ०.५० लिहीत जा आणि शेवटी बेरीज त्या दिवशीच्या ई गुणाशी ताडून पाहा. सुरुवातीला फरक एका गुणाहून जास्त येतो. तो ०.३० च्या आत यायला लागला की परीक्षेचा अर्ज भरा.